भिंतीमागचा समुद्र

गावाकडचा पाहुणा मुंबईत आला आणि समुद्र बघायचा म्हणाला की आपण त्याला चौपाटीवर नेतो, नाहीतर जुहूला. ६ डिसेंबरला लांबलांबून येणारी आपली माणसे दादरच्या चैत्यभूमीवर जो समुद्र पाहतात, तोही पश्चिमेचाच. पण मुंबईला पूर्वेकडेही एक समुद्र आहे. या शहराला ज्याने पोसले तो हाच, आणि शहरात राहणाऱ्याला दिसत नाही तोही हाच. कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा हा किनारा आहे. त्याच्या कडेकडेने जी लोकल जाते तिला आपण हार्बर म्हणतो, म्हणजे बंदराची गाडी. मानखुर्दहून चाळीस वर्षे मी त्या गाडीने कामावर गेलो. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, सगळी स्टेशने तोंडपाठ. पण खिडकीतून समुद्र दिसला असे आठवत नाही. दिसतात गोदामांचे पत्रे, भिंती आणि रुळांकडेच्या झोपड्या.

माझी धाकटी मुलगी आर्किटेक्टच्या कॉलेजात आहे. यंदा तिला प्रोजेक्ट करायचा आहे तो जगभरातल्या जुन्या बंदरांच्या जागी आता काय उभे राहते आहे यावर. पुस्तके, नकाशे, कागद घेऊन बसली होती. एके रात्री म्हणाली, "पप्पा, यात सगळं आहे, पण आजोबा कुठे काम करायचे ते नाही. मला आजोबांची गोदी दाखवा ना."

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी गोदीचे मीठ खाल्ले. आजोबा गोदीत, वडील गोदीत, आत्याचे यजमानही गोदीतच. मीच काय तो बाहेर पडलो. मुलीने मागितले ते मी चाळीस वर्षांत स्वतःहून कधी केले नव्हते याची लाज वाटली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे निघालो. हिने भाकरी आणि सुकट बांधून दिली होती.

सुरुवात ससून डॉकवरून केली. अल्बर्ट ससून यांनी भराव टाकून बांधलेली ही गोदी १८७५ साली सुरू झाली. पश्चिम भारतातली अशा प्रकारची ही पहिली. त्या काळी इथून कापूस जायचा. आता मासळी येते. आम्ही पोचलो तेव्हा अजून पुरते उजाडले नव्हते. ट्रॉलर लागलेले, टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात उडत होत्या, बर्फाचे पाणी पायाखाली. कोळणींचा लिलाव कानठळ्या बसवणारा. पण मुलगी थांबली ती आत, शेडमध्ये. तिथे बायका ओळीने बसून कोळंबी सोलत होत्या. बर्फातली कोळंबी सोलून सोलून बोटांची सालपटे निघतात. पगार नाही, सोललेल्या मापावर पैसे. २०१७ साली याच डॉकमध्ये चित्रकारांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते, भिंती रंगवल्या होत्या, शहरातली बरीच मंडळी नाकाला रुमाल लावून येऊन गेली. माझा त्याला विरोध नाही. निदान त्यांना या बायका बसतात कुठे ते तरी दिसले.

तिथून बसने बॅलार्ड पिअर. हा भाग बघण्यासारखा आहे. रविवारी तर इथे चिटपाखरू नसते. सरळ रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती, झाडे. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीदगडाच्या भरावावर पहिल्या महायुद्धाच्या काळात ही वसाहत झाली. गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी रेखाटला त्या जॉर्ज विटेट यांनीच हिचाही आराखडा केला. अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली सुरू झाला, आपण आज त्याला इंदिरा डॉक म्हणतो. विलायतेची बोट लागायची ती इथेच, आणि बोटीतून उतरलेल्या साहेबासाठी धक्क्यालगतच आगगाडी उभी असायची.

मुलीला म्हटले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० ला 'व्हॉइसरॉय ऑफ इंडिया' नावाच्या बोटीने मुंबई बंदरातून निघाले. त्याआधी १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले तेही बोटीनेच. १९१७ साली परत येताना त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीत होती आणि ती बोट युद्धात बुडवली गेली. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाबासाहेबांच्या बोटीवर सामान चढवणाऱ्यांत आपले पणजोबा असू शकतात?" असू शकतात. नसूही शकतात. पण आपल्याकडे दोन्ही माणसे एकाच धक्क्यावरून गेली एवढे खरे. एक शिडीवरून वर, दुसरा पाठीवर पेटी घेऊन.

आता त्याच बॅलार्ड पिअरला पर्यटकांच्या मोठ्या जहाजांसाठी टर्मिनल झाले आहे. २०२५ साली त्याचे उद्घाटन झाले. काचेची इमारत, आत विमानतळासारखी सोय. आम्ही बाहेरून बघितली. वाईट आहे असे मुळीच म्हणणार नाही. कोण्या एके काळी वडील ज्या दारातून पाळीला जात त्याची मात्र खूण सापडेना.

इथून पुढे भिंत सुरू होते. पी. डिमेलो रोडच्या एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला मैलोन् मैल दगडी भिंत, आणि भिंतीत रंगांच्या नावांचे दरवाजे. ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारालाही आपले गेट सापडावे म्हणून रंग दिले असे वडील सांगत. खरेखोटे त्यांनाच ठाऊक. रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते पी. डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी. १९५८ साली वारले. मुंबईत साहेबांच्या नावाचे रस्ते पुष्कळ, हमालांच्या पुढाऱ्याच्या नावाचा एवढा मोठा रस्ता विरळा. मूळचा तोही फ्रिअर रोडच होता म्हणा.

आपली माणसे गोदीत का आली हेही तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. गिरण्या होत्या, पण गिरणीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा दुसऱ्याला चालत नसे. गोदीत गोणीला कुणाचे तोंड लागत नाही, पाठ लागते. म्हणून तिथे वाट मोकळी. आजोबांच्या वेळी टोळीवाला असायचा. सकाळी दारापाशी गर्दी करायची, टोळीवाल्याने बोट दाखवले त्याला काम, बाकीच्यांनी घरी जायचे. जहाज नसले की चूल नाही. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, पुढे नोंदणी आली, पाळ्या आल्या, काम नसले तरी हजेरीचे काही पैसे आले. वडील लागले ते याच नव्या व्यवस्थेत. त्यांच्या डाव्या खांद्यावर मुठीएवढा घट्टा होता. लहानपणी आम्ही त्याला हात लावून बघायचो. साखर, गहू, गंधक. गंधकाच्या जहाजावरून आले की डोळे लालभडक, आणि आई त्यांना आधी मोरीत पाठवायची, मग घरात घ्यायची. कमरेला आकडा असायचा, गोणीत रुतवून उचलायचा. तो आकडा धुऊन पुसून देवळीत ठेवलेला असे. त्याला हात लावायची आम्हा पोरांना बंदी.

भिंतीच्या आतल्या दोन गोद्या, प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक, आता बुजवल्या आहेत. पाणी होते तिथे जमीन झाली. बाहेरून काही कळत नाही. पण मुलीला त्या जागेची गोष्ट सांगायलाच हवी होती.

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला भीमजयंती आठवते. देशातली अग्निशमन दले मात्र हा दिवस शोकाचा पाळतात. १४ एप्रिल १९४४. युद्धाचे दिवस. 'फोर्ट स्टायकिन' नावाचे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, त्याच जहाजावर कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटासुद्धा. धोक्याचा माल असला की जहाजावर लाल बावटा लावायची रीत, तो लावलेला नव्हता. दुपारी कापसाला आग लागली. बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेजारची जहाजे फुटली, 'जलपद्म' नावाचे एक जहाज तर पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर आपटले. गोदाम आणि वस्त्या पेटल्या. आग तीन दिवस आवरली नाही. ६६ बंबवाले गेले, त्यांची नावे दगडावर आहेत. एकंदर मेले किती? कुणी आठशे म्हणते, कुणी तेराशे. एवढा फरक कसा पडतो? टोळीवाल्याच्या बोटावर कामाला घेतलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार? ढिगारा उपसायला हजारो मजूर सात महिने लागले होते. सोन्याच्या विटा मात्र पुढे कितीतरी वर्षांनी गाळ काढताना सापडत राहिल्या, आणि सापडली की पेपरात बातमी यायची.

आजोबा त्या दिवशी रातपाळीचे होते, म्हणून वाचले. शिवडीच्या चाळीत झोपले होते. आवाजाने उठले, आणि उघड्या अंगाने गोदीकडे धावले. त्यांच्या टोळीतले दिवसपाळीचे कुणीच परत आले नाही. बाबासाहेब तेव्हा व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वडील सांगत की पुढे जन्मभर आजोबा जयंतीच्या दिवशी सकाळी नवे धोतर नेसून तयार व्हायचे, पण चार वाजेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. चार वाजून गेले की उठायचे, निळी टोपी घालायचे आणि मिरवणुकीत जायचे. लहानपणी मला वाटायचे म्हाताऱ्याचा काहीतरी हट्ट असेल.

भाऊच्या धक्क्यावर आलो तेव्हा ऊन चढले होते. इथे भाकरी सोडली. कोकणातल्या आपल्या लोकांची मुंबई या धक्क्यावर सुरू झाली. आमचे गाव मंडणगड तालुक्यातले, बाबासाहेबांचे आंबडवेही त्याच तालुक्यातले. बाणकोटला पडावातून बोटीपर्यंत जायचे, मग डेकवर पथारी. पावसाळ्यात बोट बंद. आजी सांगायची, बोटीवर पिंपातले पाणी आपल्याला कुणीतरी वरून ओतून द्यायचे. समुद्र खवळला की मात्र सगळे एकमेकांना धरून बसत, तेव्हा कुणी जात विचारत नसे, आणि किनारा दिसला की परत सरकून बसत. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट इथूनच रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आमचे वडील त्याच्या पुढच्या हंगामात आले. बोटीत पाय ठेवताना त्यांचे पाय लटपटत होते असे ते स्वतःच सांगत. आता कोकण बोटी नाहीत, पण २०२० पासून मांडव्याला मोठी रो-रो बोट जाते, गाडीसकट माणूस आत. त्या बोटीच्या रांगेत मोटारीच मोटारी होत्या. अलिबागला बंगले झाले आहेत ना!

इथे बसून मुलीने मला तिचा नकाशा उलगडून दाखवला, आणि मला प्रथमच नीट कळले की बाब काय आहे. मुंबई बंदराकडे सुमारे १८०० एकर जमीन आहे. पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली, २०२१ पासून त्याला प्राधिकरण म्हणतात. पुढे कंटेनर आले. शंभर माणसे आठवडाभर जो माल उतरवत तो लोखंडी पेटीत बंद होऊन आला आणि क्रेनने उचलून ठेवला. त्या पेट्यांना मोकळी जागा आणि खोल पाणी लागते, म्हणून १९८९ साली पलीकडे न्हावाशेवाला नवे बंदर सुरू झाले. वडील त्याच सुमारास निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन आले आणि म्हणाले, "माझ्या मागं पोरं नाहीत आली, बरं झालं. आता पेटीच हमाल आहे." जुन्या बंदरावर काम राहिले ते मुख्यतः तेलाचे, मोटारींचे, काही सुट्या मालाचे. आणि ज्या जमिनीवर काम उरले नाही तिच्याकडे शहराचे लक्ष गेले. २०१४ साली राणी जाधव यांच्या समितीने अहवाल दिला, २०१८ साली सुमारे ९६६ हेक्टरच्या आराखड्याचा मसुदा निघाला. किनाऱ्याने फिरायचा रस्ता, बागा, नौकांचा तळ, कचेऱ्या, शिवडीहून घारापुरीला आकाशपाळण्याची गाडी, असे पुष्कळ काही बोलले गेले.

"पप्पा, हे सगळ्या जगात झालंय," मुलगी म्हणाली. लंडनच्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात अशाच एकामागून एक बंद पडल्या. १९८१ साली सरकारने महामंडळ नेमले आणि वेस्ट इंडिया डॉकच्या जागी बँकांचे मनोरे उभे राहिले. ते बांधणारी कंपनी १९९२ साली बुडाली, पुढे मनोरे मात्र चालले. पण बँकेतली नोकरी गोदी कामगाराच्या पोराला कशी मिळणार? त्याने शेजारी बसून काच चमकताना पाहिली. सिडनीत निराळे घडले. तिथे बंदरालगतचा 'द रॉक्स' नावाचा जुना कामगार मोहल्ला पाडायचे ठरले, तेव्हा १९७१ च्या सुमारास बांधकाम मजुरांच्या युनियननेच सांगितले की राहणाऱ्यांना नको असेल तर आम्ही घण उचलणार नाही. मजुरांनी आपली रोजी सोडून दुसऱ्या गरिबांची घरे वाचवली. मला हे ऐकून फार बरे वाटले. पण मुलगी प्रामाणिक आहे, तिने पुढचेही सांगितले. त्याच्याच शेजारी मिलर्स पॉइंट म्हणून वस्ती, तिथल्या सरकारी घरांतून गोदी कामगारांची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत होती. २०१४ साली सरकारने ती घरे विकायला काढली. समुद्र दिसणाऱ्या घराला भाव फार येतो.

लांब कशाला, आपल्या गिरण्यांचे काय झाले? १९८२ चा संप आपण पाहिला. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा शहराला मोकळा, तिसरा हिस्सा गरिबांच्या घरांना, असे होते. २००१ साली एक शब्द बदलला, सगळ्या जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जमिनीचा हिस्सा धरायचा ठरले. गिरणीत इमारतीच इमारती, रिकामी जमीन असणार किती? परळ-लोअर परळला जाऊन या, उत्तर उभे आहे. मुलीने "एक शब्द" वहीत लिहून घेऊन खाली रेघ ओढली.

दारूखान्याला मी तिला नेणार नव्हतो. तीच म्हणाली, जायचे. रे रोडला उतरून पूर्वेला वळले की सगळे लोखंड. साखळ्या, नांगर, पंखे, बोटीतल्या खाटा, बोटीतली संडासाची भांडीसुद्धा विकायला. जुनी जहाजे इथे चिखलात ओढून कापत आली. नौदलाची पहिली 'विक्रांत', १९७१ च्या युद्धातली, २०१४ साली इथेच कापली गेली, आणि तिच्या लोखंडातून पुढे मोटारसायकली निघाल्या. आमच्या भावकीतला एक जण अशाच कापाकापीत गॅसकटर चालवायचा. टाकीत उरलेल्या तेलाने पेट घेतला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मुकादमाने दवाखान्यात सोडले ते परत तोंड दाखवले नाही. हजेरीवर नावच नव्हते, मागणार काय? आता तो शिवडी स्टेशनबाहेर फुगे विकतो. वस्ती तशीच आहे, कोळसा बंदर, लकडी बंदर, पत्र्यावर पत्रा. जमीन बंदराची, म्हणजे केंद्र सरकारची. म्हणून राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना इथे आपोआप लागत नाही, केंद्राची संमती लागते. एका गल्लीच्या तोंडाशी बाबासाहेबांचा अर्धपुतळा आणि बाजूला विहार. झाडून पुसून लख्ख. "जयभीम" म्हणून एका बाईंनी पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला, "सर्व्हेवाले का तुम्ही?" मुलीच्या हातातला नकाशा बघून त्यांना तसे वाटले. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला की पडला, सांगता येणार नाही.

शिवडीला पोचायला तीन वाजले. ओहोटी होती. जेट्टीपाशी चिखलात फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा पसरलेला, कॅमेरेवाल्यांची गर्दी. त्यांच्या डोक्यावरून अटल सेतू निघतो तो थेट न्हावाशेवाकडे, २१.८ किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. वडिलांचे काम जिकडे गेले तिकडे आता मोटारीत बसून वीस मिनिटांत जाता येते. पक्षी खाली चोच घालून खात होते, त्यांना पुलाचे काही नव्हते.

आत्या राहते बीडीडी चाळीत. वय ब्याऐंशी. खोली १६० फुटांची, तीत तिने चार पोरे वाढवली. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास निघाला, १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांच्या घराच्या चाव्याही मिळाल्या. शिवडीच्या चाळी त्या योजनेत नव्हत्या. घर एकाच काळात बांधलेले, एकाच मापाचे, नावही एकच. फक्त खालची जमीन बंदराची. आत्याची नणंद वरळीला. ती फोनवर सांगते, बाविसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो. आत्या म्हणते, "दिसू दे. मी समुद्राच्या अंगाला राह्यलेय साठ वर्षं, मला काय त्याचं!" पण चहा देताना तीच हळूच मुलीला विचारते, "काय गं बाय, तुझ्या नकाशात आमची चाळ हाय का?"

मुलीने नकाशा जमिनीवर पसरला. बोट फिरवत फिरवत शिवडीवर आली. चाळ होती. तिथे एक रंग भरलेला होता, कोपऱ्यात त्या रंगाचा अर्थ लिहिला होता. मुलीने तो दोनदा वाचला आणि आत्याला सोप्या शब्दांत सांगितला. त्यात "पुनर्विकास" होते, किती साली ते नव्हते.

मग आत्याने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. वर साड्या, खाली कागद. भाडेपावत्या सुतळीने बांधलेल्या, अगदी सुरुवातीपासूनच्या. मुलगी एकेक पावती उजेडात धरून फोटो काढू लागली, आणि मध्येच थांबली. पावतीवर आत्याच्या यजमानांचे आडनाव जुने, जातीवरून गावाने लावलेले. रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर नवे. धर्मांतरानंतर काही वर्षांनी त्यांनी राजपत्रात देऊन आडनाव बदलून घेतले होते. आपल्यात किती जणांनी तसे केले. अभिमानाने केले. पण उद्या कुणी टेबलापलीकडून विचारले की पावतीवरचा माणूस आणि कार्डावरचा माणूस एकच कशावरून, तर?

"राजपत्राचा कागद कुठाय आत्याआजी?"

आत्या आठवू लागली. पुराच्या साली भिजला असेल. मोठ्याच्या लग्नात ट्रंक हलवली तेव्हा गेला असेल. यजमान असते तर त्यांना ठाऊक असते. साल तरी कुठले? तेही नक्की नाही. थोरला दुसरीत होता की तिसरीत.

पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला पितळी बिल्ला निघाला. नंबर घासून गुळगुळीत झालेला. मला वाटले यजमानांचा. आत्या म्हणाली, "नाही रे, तुझ्या आजाचा. त्या स्फोटाच्या रात्री गळ्यात होता." मुलीने तो तळहातावर घेतला. नंबर वाचायला तिने खिडकीकडे तिरका धरला, पण फक्त शेवटचे दोन आकडे लागले.

चर्नी रोडला सरकारी छापखान्यात जुनी राजपत्रे बघायला मिळतात का ते विचारून यायचे ठरले. मंगळवारी मुलीला कॉलेज नाही. थोरला कुठल्या साली दुसरीत होता ते शाळेच्या दाखल्यावरून काढायचे, म्हणजे दोन-तीन वर्षांचेच अंक चाळावे लागतील. आत्याने पावत्या पुन्हा सुतळीने बांधल्या, बिल्ला फडक्यात गुंडाळला आणि आम्हाला म्हणाली, "जेवूनच जा आता. मांदेली आणलीत सकाळी."